बारवेच्या फटीत सिमेंट नको

भाऊ, गावची हेमाडपंती बारव (पायऱ्यांची दगडी विहीर) साफ करायला काढताय, तर आधी ती संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे का ते पाहा. असली तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

फटी दिसल्या की लोक सिमेंट ओततात. तेच नडतं. यादवकाळातलं (१२वं-१३वं शतक) हे काम बहुतेक बिनचुन्याचं. घडीव दगड एकमेकांवर वजनानं तोललेले. पावसाळ्यात मागच्या काळ्या मातीतलं पाणी याच फटींतून निथळतं. त्या बुजवल्या की पाणी भिंतीमागं तुंबतं, माती फुगते, भिंतीला पोट येतं.

पिंपळाचं रोप उपटू नका, मुळासोबत दगड सरकतो. करवतीनं कापा; फुटवा आला की पुन्हा कापा.

नंतर कोणी चुन्यात बांधलेला भाग असेल तर तिथं चुनाच: १ वाटा विरवलेला चुना, २ ते ३ वाटे धुतलेली वाळू. विरवताना कळी (भाजलेल्या चुन्याचे कोरडे खडे) थोडी थोडी पाण्यात सोडा, कळीवर पाणी ओतू नका. उसळून डोळ्यांत उडतं. सांधा आधी ओला करा, भरल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम काढूच नका, चुना लवकर सुकून भुगा होतो. दिवाळीनंतर करा.