ब्राझिलियातला पत्ता कसा वाचायचा?

प्रश्न: कामासाठी ब्राझीलच्या राजधानीला, ब्राझिलियाला जातोय. पत्ता मिळालाय 'एसक्यूएस 308, ब्लॉक सी'. रस्त्याचं नावच नाही. शोधायचं कसं?

रस्त्याचं नाव शोधू नका, इथल्या पत्त्यात ते नसतंच. नगररचनाकार लुसिओ कोस्ता यांच्या 1957च्या शहर-आराखड्यात दोन मोठे अक्ष एकमेकांना छेदतात. त्या छेदापासून तुम्ही कुठे आणि किती लांब, एवढंच पत्ता सांगतो.

एसक्यूएसमधलं एसक्यू म्हणजे 'सुपरक्वाद्रा', इमारतींची वसाहत. शेवटचा एस म्हणजे 'सुल', दक्षिण पंख, म्हणजे छेदाच्या दक्षिणेकडची बाजू. उत्तरेला एसक्यूएन. खरा घोळ इथेच होतो, कारण 308 दोन्ही पंखांत आहे आणि मध्ये अख्खं शहर. टॅक्सीत बसताना 'सुल' ठणकावून सांगा.

आता 308 फोडा. पहिला आकडा मधल्या महामार्गापासूनची (एशाँव) रांग. विषम रांगा पश्चिमेला: 100, 300, पुढे 900पर्यंत. सम रांगा पूर्वेला, पारानोआ तलावाच्या बाजूला. म्हणजे 300 ही पश्चिमेची दुसरी रांग. 08 म्हणजे मध्यापासून आठवी वसाहत. हे आकडे 01 ते 16 चालतात. वाशीत सेक्टरचा नंबर ऐकून दिशा कळत नाही, इथे कळते.

सीएलएस 308 मात्र वेगळं: ती दुकानांची ओळ. गंमत म्हणजे कोस्तांना दुकानांची तोंडं घरांकडे हवी होती, व्यापाऱ्यांनी ती रस्त्याकडे फिरवली.

मेट्रोने 108 सुलला उतरा आणि पश्चिमेकडे चाला. 100ची रांग ओलांडली की 300 लागते. (उत्तर पंखात मेट्रो नाही, तिथे बसच.) एशाँववर गाड्यांना ताशी 80 किमीची मुभा आहे, तेव्हा पायी ओलांडायचा असेल तर भुयारी मार्ग घ्या. रात्री ते सुनसान असतात, त्या वेळी टॅक्सी बरी. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एशाँववर वाहनं बंद असतात, बिनधास्त चाला.

गाडीने गेलात तर वसाहतीत शिरायला सहसा एकच वाट असते. ती चुकली तर मागे वळता येत नाही, पुढच्या 'तेझोरिन्या'तून, म्हणजे कात्रीसारख्या वळणातून, फिरून यावं लागतं. आत शिरल्यावर ब्लॉक बी ओलांडला म्हणून पुढचा सी असेलच असं धरू नका, इमारतीवरचं अक्षर बघा. तळमजला सहसा खांबांवर मोकळा असतो, त्यामुळे बहुतेक इमारतींखालून आरपार जाता येतं.