आधी गोळ्या की आधी इंजेक्शन? ऑस्टिओपोरोसिसमधल्या हाड बांधणाऱ्या औषधाबद्दल

ताई, नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. आईचं वय ७१. टी-स्कोर (तरुण, निरोगी हाडांच्या मानाने घनता किती कमी आहे ते सांगणारा आकडा) कमरेच्या मणक्यांत -३.९, खुब्यात -३.१. गेल्या वर्षभरात दोन मणके दबले, तेही न पडता, नुसतं वाकून काहीतरी उचलताना. ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं विरळ होण्याच्या आजाराचं, कुठलंही औषध अजून सुरू झालेलं नाही. डॉक्टरांनी रोज टोचायचं टेरिपॅराटाइड सुचवलंय. कुठेतरी हाडाच्या कॅन्सरचा उल्लेख वाचून घरात सगळ्यांनी धसका घेतलाय. आणि भाऊ म्हणतोय, वर्षभर गोळ्या देऊन बघू, इंजेक्शन काय, कधीही घेता येईल.

मी डॉक्टर नाही. हा कोर्स मी पूर्ण केलाय आणि त्या निमित्ताने बरंच वाचलंय, विचारलंय, त्यावरून लिहिते.

भावाचं ते ‘कधीही घेता येईल’ मला सगळ्यात जास्त खटकलं. एक मणका दबला की पुढचा दबण्याचा धोका लगेचच्या एक-दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो. आईंचे दोन दबलेत, म्हणजे तुम्ही नेमक्या त्याच काळात आहात. दुसरं कारण औषधांच्या क्रमाचं आहे. हाडात सतत दोन कामं चालू असतात, एका प्रकारच्या पेशी जुनं हाड खातात आणि दुसऱ्या नवं घालतात. अॅलेन्ड्रोनेटच्या आठवड्याच्या गोळ्या, झोलेड्रोनिक अॅसिडचं वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं औषध, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब ही सगळी खाणाऱ्या पेशींना आवर घालतात. टेरिपॅराटाइड नवं हाड घालणाऱ्यांना कामाला लावतं. गोळ्या बरेच दिवस घेऊन मग टेरिपॅराटाइडवर गेलं, तर त्याचा परिणाम उशिरा आणि कमी दिसतो, खुब्याची घनता तर सुरुवातीचे काही महिने खाली जाऊ शकते. डेनोसुमॅबवरून थेट टेरिपॅराटाइडवर जाणं त्याहून वाईट, त्यात मिळालेली घनता गळायला लागते. उलट क्रमाने, आधी बांधणारं आणि मग टिकवणारं, दोन्ही औषधांचा फायदा पदरात पडतो. आईंनी अजून काहीच घेतलेलं नाही ही खरं तर जमेची बाजू आहे.

गोळ्या निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही. टी-स्कोर -२.६ आहे, कधी काही मोडलेलं नाही, अशा बाईला मी गोळ्याच घ्या म्हणेन. पण इतकी कमी घनता आणि वर ताजे फ्रॅक्चर असलेल्या रुग्णांना ‘अतिधोक्याच्या’ गटात धरतात, आणि त्यांचा हिशेब वेगळा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आधीच मणके दबलेल्या स्त्रियांना एका गटात टेरिपॅराटाइड आणि दुसऱ्या गटात रायसेड्रोनेटच्या गोळ्या दिल्या होत्या. दोन वर्षांत नवे मणके दबले ते इंजेक्शनच्या गटात ५.४ टक्के जणींचे, गोळ्यांच्या गटात १२ टक्के जणींचे.

आता कॅन्सर. हे औषध म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोनमधल्या ८४ पैकी पहिल्या ३४ अमिनो आम्लांचा तुकडा. (हेच हार्मोन शरीरात सतत जास्त राहिलं तर हाड झिजवतं, आणि दिवसातून एकदा थोड्या वेळासाठी वाढलं तर हाड बांधतं. म्हणून इंजेक्शन रोज.) उंदरांना ते मोठ्या मात्रेत जवळपास आयुष्यभर दिल्यावर हाडांच्या गाठी दिसल्या. त्यामुळे अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळतानाच ठळक चौकटीतला इशारा त्याला चिकटला. पुढे बरीच वर्षं रुग्णांवर लक्ष ठेवूनही माणसांत तसा वाढीव धोका दिसला नाही आणि २०२० मध्ये तिथल्या नियामकांनी ती चौकट काढून टाकली. तरीही काहींना हे औषध देत नाहीत: हाडांवर परिणाम होईल असं रेडिएशन पूर्वी घेतलेलं असेल, हाडात कॅन्सर पसरलेला असेल, पॅजेटचा आजार (हाडांची वाढ बिघडवणारा) असेल, रक्तात कॅल्शियम जास्त असेल किंवा अल्कलाइन फॉस्फटेज (रक्तातलं एक एन्झाइम) कारण न कळता वाढलेलं असेल. आईंना यातलं काही असेल तर डॉक्टर विचारतील याची वाट न बघता आपणहून सांगा.

माझा खरा भर सुरू करण्याआधीच्या तपासण्यांवर आहे, कारण तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टांत फक्त डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) आणि व्हिटॅमिन डी दिसतंय. इतकी हाडं झिजली तर ‘वय झालं’ यावर थांबू नये. कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी), अल्कलाइन फॉस्फटेज, थायरॉइड आणि पीटीएच (म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन) हवंच. पॅराथायरॉइड ग्रंथी मुळातच जास्त हार्मोन सोडत असेल तर त्यावर टेरिपॅराटाइड देणं चुकीचं ठरेल. मल्टिपल मायलोमामुळेही (अस्थिमज्जेतला एक कॅन्सर) मणके असेच दबतात, त्यासाठी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीबद्दल विचारा. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी आई बरीच वर्षं स्टेरॉइड घेत असतील तर तेही सांगा. किडनी स्टोन होऊन गेला असेल किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल, तर कॅल्शियम वाढणं जड जाऊ शकतं.

रोजचं टोचणं वाटतं तेवढं अवघड नाही. मांडीत किंवा पोटावर, त्वचेखाली, २० मायक्रोग्रॅम, बारीक सुई. पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही, आणि वापरायला काढल्यापासून २८ दिवसांनी उरलेलं औषध टाकून द्यायचं. सुरुवातीच्या काही डोसांनंतर उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते. ज्या बाईचं पडणंच टाळायचंय तिच्या बाबतीत हे हलक्यात घेऊ नका, बसून टोचा आणि लगेच उठू देऊ नका. मी रात्री झोपताना घ्यायचे. पायात गोळे मलाही यायचे, पुढे कमी झाले. आणखी एक, जे बरेचदा सांगायचं राहून जातं: डोसनंतर काही तास रक्तातलं कॅल्शियम थोडं वाढलेलं असतं, म्हणून तपासणीचं रक्त डोसनंतर किमान १६ तासांनी द्या, नाहीतर उगाच घाबरायला होतं. पाठदुखी यानेच थांबेल अशी आशा मात्र आईंना लावू नका. ते वेदनाशामक नाही.

रोमोसोझुमॅबचा पर्यायही विचारून बघा. महिन्यातून एकदा, एका वेळी दोन इंजेक्शनं, एकूण १२ महिने. तेही हाड बांधतं आणि झीजही कमी करतं. २०१७ च्या एका चाचणीत वर्षभर हे आणि मग अॅलेन्ड्रोनेट घेणाऱ्या स्त्रियांमध्ये, नुसतं अॅलेन्ड्रोनेट घेणाऱ्यांच्या तुलनेत, दोन वर्षांत नवे मणके दबण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी होतं. पण गेल्या वर्षभरात हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर ते देत नाहीत, आणि हृदयाचा त्रास असलेल्यांत जपून.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून एका प्रश्नाचं उत्तर नक्की घ्या: हे संपल्यावर लगेच काय? टेरिपॅराटाइड साधारण दोन वर्षं देतात. ते थांबलं आणि मागोमाग टिकवणारं औषध आलं नाही, तर कमावलेलं हाड उतरणीला लागतं, म्हणजे भिंत उभारून तिच्यावर छप्परच घातलं नाही असं होतं. पुढे झोलेड्रोनिक अॅसिड द्यायचं तर किडनी बरी हवी. डेनोसुमॅब द्यायचं तर सहा महिन्यांची तारीख चुकवून चालत नाही, ते मध्येच सोडल्यावर एकापाठोपाठ अनेक मणके दबल्याच्या नोंदी आहेत. दोन्हींआधी दात तपासून घ्या, काढायचे असतील ते आधीच काढलेले बरे. दोन वर्षं रोज टोचणं आणि त्यापुढचं औषध घरच्यांना झेपणार नाही असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तर अर्धवट टेरिपॅराटाइडपेक्षा वर्षातून एकदाचं झोलेड्रोनिक अॅसिड मला बरं वाटतं. हे अर्थात माझं मत.

सध्या भावाशी वाद घालण्यापेक्षा पीटीएच आणि कॅल्शियम करून घ्या आणि आकडे कळवा. ते वाढलेले निघाले तर टेरिपॅराटाइडचा विषय तूर्त बाजूलाच पडेल आणि आधी पॅराथायरॉइडचं बघावं लागेल.