“मॅडम, या वयात पुन्हा पाटी-पेन्सिल?”

खुर्चीत नीट टेकायच्या आत त्यांनी हा प्रश्न टाकला. वय अडतीस, घरूनच काम करणारे अॅनिमेटर. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) मुलांच्या गोष्टींचे भाग कट-आउट पद्धतीने करून देतात. म्हणजे पात्राचं डोकं, दंड, कोपरापुढचा हात, पंजा असे तुकडे वेगळे काढायचे, सांध्यांवर जोडायचे आणि हलवायचे. बारा वर्षं एकच व्यावसायिक सॉफ्टवेअर. त्याचं सबस्क्रिप्शन सात आठवड्यांनी संपणार होतं आणि पुढच्या वर्षाचे पैसे नेमके मुलीच्या शाळेच्या फीच्या महिन्यात भरायचे होते. मित्र म्हणाला, ओपन-सोर्स घे, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर, फुकट आहे. तेव्हापासून यांची झोप उडालेली.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं रिगिंग, म्हणजे पात्राचे तुकडे जोडून ते हलवता येईल असं करण्याचं काम, केलंय, त्यामुळे ही मंडळी फिरून फिरून माझ्याकडेच येतात. काळजी बहुतेकांची हीच: सगळं शून्यापासून शिकायचं का? पैशांचा हिशेब आम्ही अर्ध्या तासात उरकला. तो सोपा होता. खरी भीती दुसरीच होती आणि ती दुसऱ्या भेटीत बाहेर आली. “हाताखालची पोरं मला विचारतात, हे कसं करायचं. उद्या मीच त्यांना विचारणार?”

मी त्यांना लॅपटॉप बंद करायला सांगितलं. म्हटलं, तुमच्या त्या आजीच्या पात्राचं रिग मला तोंडी सांगा, मी लिहून घेते. ते सांगत गेले. कोपराशी दोन्ही तुकड्यांची टोकं सारख्याच मापाची गोल ठेवायची आणि पिव्हट (ज्या बिंदूभोवती तुकडा फिरतो तो) त्या गोलाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे हात दुमडला तरी फट दिसत नाही. सांध्यापाशी बाहेरची रेघ बंद करायची नाही. पंजे सहा, ओठांचे आकार नऊ, पापणी वेगळी. आजी वळते तेव्हा आधी नजर, मग मान, पदर सगळ्यांत शेवटी. दीड पान भरलं. ते त्यांच्यापुढे सरकवून मी विचारलं, यात सॉफ्टवेअरचं नाव कुठे आलंय? त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, “पिव्हट शब्द तेवढा इंग्रजी आहे.” त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

जर्मनीत लोटे रायनिगरने 1926 साली काळा कागद आणि शिशाचा पातळ पत्रा कापून, सांधे तारेने बांधून तासाभराचा चित्रपट केला होता. सांधा कुठे धरायचा हा प्रश्न तिच्याही टेबलावर होताच. हे मी त्यांना सांगितलं, पण खोटा धीर दिला नाही. रिग नव्या घरी जात नाही. पात्राच्या आत बसवलेली हाडं, चित्र वाकवणारे डिफॉर्मर, हालचालींचा वेग ठरवणारे कर्व्ह हे सगळं जुन्या फाइलीतच राहतं आणि सबस्क्रिप्शन संपल्यावर ती फाइल उघडण्याचा भरवसा नाही. म्हणून त्या सात आठवड्यांत नवं काही शिकायचंच नाही, असं ठरवलं. हातातला भाग जुन्यातच संपवायचा. उरलेल्या वेळात प्रत्येक पात्र सरळ उभं करून एकेक अवयव मागची बाजू पारदर्शक असलेलं पीएनजी चित्र म्हणून बाहेर काढायचा, ओठ आणि पंजे क्रमांक देऊन, पूर्ण आकारात. सोबत संपूर्ण पात्राचं एक चित्र, पिव्हटच्या जागी लाल ठिपके. हे ठिपके लोक हमखास विसरतात आणि मग आठवडाभर खांदा शोधत बसतात.

नवं कोणतं घ्यायचं यावर त्यांनी रात्र-रात्र व्हिडिओ पाहिले होते. पर्याय तीन होते. सिनफिग, ज्यात 2015 च्या 1.0 आवृत्तीपासून हाडांची चांगली व्यवस्था आहे. ब्लेंडर, मुळात थ्रीडीचं, ताकदवान, पण फक्त टूडीसाठी शिरायचं तर घर मोठं आणि पाहुणा एकटा. आणि ओपनटून्झ. मी सल्ला ओपनटून्झचा दिला, कारण त्यांचा हात एक्सशीटवर, म्हणजे कोणत्या फ्रेमला कोणतं चित्र हे मांडणाऱ्या तक्त्यावर, बसलेला होता आणि तुकडे रंगवलेल्या चित्रांचे होते, व्हेक्टरचे, म्हणजे गणिताने आखलेल्या रेघांचे, नव्हते. रेघांवर काम करणारं कुणी असतं तर सिनफिग म्हटलं असतं.

पहिला आठवडा वाईट गेला. बोटं जुन्या शॉर्टकटवर जायची आणि भलतंच काही उघडायचं. आजीचा हात रबरी नळीसारखा वाकला, त्याचा फोटो त्यांनी मला रात्री अकराला पाठवला. खाली एकच ओळ: “हे बघा तुमचं फुकटचं.” गंमत म्हणजे कारण अगदी साधं होतं. तिथे चित्रावर आधी जाळी तयार करायची, मग प्लॅस्टिक टूलने सांगाडा बसवायचा. हाड वळलं की जाळी सगळीकडून ताणली जाते. जो भाग ताठ राहायला हवा तो त्याच टूलमध्ये रंगवून ‘रिजिड’ करावा लागतो. ते राहिलं होतं. शिवाय कोपराला जाळीची गरजच नव्हती. स्टेज स्केमॅटिकमध्ये, म्हणजे कोणता तुकडा कशाला जोडलाय ते दाखवणाऱ्या आराखड्यात, पंजा कोपराला, कोपर दंडाला जोडून, पिव्हट गोलाच्या मध्यावर आणला की झालं. त्यांचीच जुनी पद्धत. जाळी फक्त पदराला ठेवली.

मग क्लायंटची भीती. फुकटचं वापरतो कळलं तर भाव पाडतील? मी म्हटलं, तुम्ही कोणत्या पेन्सिलने काढता हे सांगता का कधी? तरी विचारलंच कुणी, तर सांगा की हे मूळ टून्झ इटलीत बनलं, जपानचा स्टुडिओ घिबली ते वापरत आला आणि 2016 मध्ये ड्वांगो कंपनीने ते सर्वांसाठी खुलं केलं. आणखी एक शंका होती, ती विचारताना आवाज खाली गेला. प्रोग्राम खुला, मग माझा भागही सगळ्यांना फुकट वाटावा लागेल का? नाही. खुलं लायसन्स प्रोग्रामच्या कोडला लागू होतं. त्यात काढलेली आजी तुमचीच, विकायलाही मोकळीक. सिनफिग, ब्लेंडरचंही तेच.

एका गोष्टीवर मी हट्ट धरला. पहिल्या महिन्यात कुणालाही तारीख द्यायची नाही. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी तो महिना फुकट नसतो, आणि तो त्यांनी घरखर्चात आधीच धरून ठेवला होता. दहा सेकंदांचा एकच शॉट: आजी ओट्यावरून उठते, डबा काढते, लाडू देते. तो तीन वेळा केला. पहिल्याला नऊ दिवस लागले, तिसऱ्याला दोन.

जुनं पूर्ण सुटलेलं नाही, आणि सोडा असं मी म्हणालेही नव्हते. बायोडेटात ते नाव अजून आहे, कारण स्टुडिओंच्या जाहिरातींत तेच मागतात. त्यांच्या एका क्लायंटला मूळ फाइल जुन्याच स्वरूपात लागते. त्या कामापुरतं ते महिन्याचं भाडं भरतात आणि बिलात लावतात. गेल्या वेळी भेटले तेव्हा तक्रार घेऊनच आले होते: परवा जुनं उघडलं आणि बोटं सारखी ओपनटून्झच्या शॉर्टकटवर जात होती.