तणावर विजेचा इलाज: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या आवारात साधारण ३,००० चौरस फूट पेव्हर ब्लॉक आहेत. पाऊस सुरू झाला की फटीफटींतून गवत वर येतं. लहान मुलं आणि मांजरं आवारात फिरतात, म्हणून तणनाशक मारायचं नाही असं सभेत ठरलं. एक सभासद जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर वापरून विजेने तण जाळायचं यंत्र करून द्यायला तयार आहेत. ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला आहे, त्यामुळे धोका नाही असं त्यांचं म्हणणं. करून घ्यावं का?
— सचिव, गृहनिर्माण संस्था, मुलुंड (पूर्व)

उत्तर: अजिबात करून घेऊ नका. त्या सभासदांना हे उत्तर आवर्जून वाचायला द्या, कारण ईएलसीबीबद्दलचा त्यांचा समज जिवावर बेतणारा आहे.

ईएलसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून बघतो. त्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो पडतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे मात्र त्याची नजर पोचत नाही. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमधून साधारण २,००० व्होल्ट निघतात. माणूस त्यात अडकला तर प्रवाह त्याच्या शरीरातून जाऊन त्याच ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला परततो. अलीकडच्या बाजूला फेज आणि न्यूट्रल दोन्ही सारखेच राहतात, म्हणून ईएलसीबी गप्प बसतो. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की पडणाऱ्या एमसीबीला तर नेहमीचा मायक्रोवेव्ह चालू आहे असंच दिसतं. छातीतून १०० मिलिअँपिअर गेले तरी हृदयाची लय बिघडू शकते आणि हा ट्रान्सफॉर्मर त्याच्या कैक पट देतो. अशाच ट्रान्सफॉर्मरने लाकडावर नक्षी जाळण्याच्या नादात परदेशात अनेक माणसं जागच्या जागी गेली आहेत.

‘मग परदेशात विजेने तण मारतात ते कसं?’ असं ते विचारतील. मारतात, आणि पद्धत खरीच चांगली आहे. एक इलेक्ट्रोड, म्हणजे वीज सोडणारं धातूचं टोक, तणाला टेकतो, दुसरा जमिनीत असतो. प्रवाह खोडातून मुळात आणि मातीत उतरतो, वाटेत पेशींतलं पाणी तापून त्याची वाफ होते आणि पेशी फुटतात. फवारा नाही, मातीची उलथापालथ नाही, शिवाय मुळालाही झळ पोचते. अमेरिकेतलं ट्रॅक्टरला जोडायचं वीड झॅपर १५,००० व्होल्टपर्यंत चालतं, पिकाच्या वर डोकं काढलेल्या तणालाच टेकतं. ब्रिटनची रूटवेव्ह कंपनी उच्च वारंवारतेची वीज वापरते, कारण त्या वारंवारतेला मज्जातंतू आणि हृदय कमी दाद देतात. भाजण्याचा धोका तरीही उरतोच. या यंत्रांना आपोआप वीज तोडणारी यंत्रणा असते आणि चालवणारा माणूस शिकवून तयार केलेला असतो. घरगुती जुगाडात यातलं काहीच नसतं.

आणखी एक गोष्ट. जमिनीत शिरलेला प्रवाह इलेक्ट्रोडभोवती पसरतो. त्या भागात चालणाऱ्याच्या दोन पावलांमध्येच व्होल्टेजचा फरक पडतो, तारेला हात लागायचीही गरज नसते. ओल्या आवारात, अनवाणी मुलांच्या आणि मांजरांच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. ट्रान्सफॉर्मर वगळून फेजची वायर थेट तणाला लावायची, हा विचारही कोणी मनात आणू नये.

विजेचाच उपाय हवा असेल तर विजेने उष्णता करा आणि उष्णतेने तण मारा. बाजारात २,००० वॅटची गरम हवेची लांब दांड्याची मशीन मिळतात. तण जाळून कोळसा करायचा नसतो. इथेच बहुतेक जण चुकतात, एकेका रोपावर अर्धा मिनिट उभे राहतात आणि वीज वाया घालवतात. नळीचं तोंड रोपाच्या बुंध्याशी ५ सेकंद धरलं की पुरे. खात्री करायची तर शेजारच्या एखाद्या रोपावर तेवढाच वेळ धरून बघा, पान जरा निवलं की अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबा. बोटाचा गडद हिरवा ठसा पानावर उमटून राहिला, तर पेशी फुटल्या. पान वरून हिरवंच दिसतं, पण एकदोन दिवसांत सुकतं. एका रोपाला हलण्यासकट ८ सेकंद धरले तर तासाला साडेचारशे रोपं होतात आणि वीज लागते २ युनिट.

वेळ महत्त्वाची. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो. त्यानंतर जी पहिली एकदोन दिवसांची उघडीप मिळेल ती साधा, रोपं दोनचार पानांची असतानाच. फरशी कोरडी झाल्याशिवाय मशीन लावू नका. पान ओलं असेल तर उष्णता पाणी वाळवण्यातच जाते, धोका आहे तो वेगळाच. दुसरा हात दोनतीन आठवड्यांनी.

मशीन जवळपास ९ अँपिअर ओढतं, म्हणून १६ अँपिअरचंच सॉकेट घ्या. ३० मीटरची एक्स्टेंशन लागत असेल तर तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल हवी. पाऊण चौरस मिलिमीटरच्या स्वस्त केबलमध्ये शंभरेक वॅट नुसते केबल तापवण्यात जातात. रिळावर गुंडाळलेली असेल तर ती तिथेच वितळू शकते, म्हणून चालू करण्याआधी पूर्ण उलगडा. ईएलसीबीचा खरा उपयोग इथे होतो. त्याचं टेस्ट बटण आधी दाबून पाहा. गॅसच्या पाइपाजवळ, उभ्या गाड्यांखाली आणि वाळक्या पानांच्या ढिगाजवळ मशीन नेऊ नका, पाण्याची बादली हाताशी ठेवा.

गाजर गवत, तरोटा, दुधी ही रुंद पानांची रोपं याने लगेच जातात. हरळी आणि लव्हाळा चिवट. लव्हाळा उपटून पाहिलात तर दिसेल, मुळांवर काळ्या गाठी माळेसारख्या ओवलेल्या असतात. वरचं पातं करपलं तरी गाठीतून नवा कोंब येतो. तिथे ब्लॉक उचलून गाठी काढाव्या लागतात, दुसरा इलाज नाही.

आणि फटी रिकाम्या ठेवू नका. पाइपाच्या जोरदार धारेने आवार धुतलं की फटीतली वाळू वाहून जाते, तिथे माती साचते आणि त्या मातीत बी रुजतं. तण सुकलं की कोरडी क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) झाडूने फटींत भरा, वरून हलकं पाणी शिंपडा.

प्रश्न: गच्चीवर पाचपन्नास रोपं उगवतात, एवढ्यासाठी मशीन घ्यायचं का?
— वाचक, चारकोप

उत्तर: नको. चहाची इलेक्ट्रिक किटली पुरे. १,५०० वॅटच्या किटलीत लिटरभर पाणी चारेक मिनिटांत उकळतं, वीज जाते युनिटच्या दहाव्या हिश्श्याएवढी. बुंध्यावर अगदी जवळून ओता, उंचावरून ओतलं की वाटेतच निवतं. पायात बूट असू द्या. वॉटरप्रूफिंगचा थर डांबरी शीटचा असेल तर मात्र उकळतं पाणी टाळा आणि हाताने उपटा.

प्रश्न: आमच्या इमारतीच्या भिंतीत पिंपळ आलाय. त्याला वीज देऊन मारता येईल का?
— वाचक, गिरगाव

उत्तर: नाही. ओल्या भिंतीत प्रवाह मुळापाशी थांबत नाही. आतल्या सळया, पाण्याचे पाइप आणि घरातल्या वायरिंगच्या नळ्या, कुठूनही तो कुणाच्या घरात शिरेल सांगता येत नाही. मीठही ओतू नका, त्यातलं क्लोराइड सळया गंजवतं. ओढून काढलं तर प्लास्टरसकट विटा सुटतात. गवंड्याकडून त्या भागातलं प्लास्टर फोडून मूळ शेवटपर्यंत मोकळं करायचं, काढायचं आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भेग बुजवायची. हे पावसाआधी, म्हणजे मे महिन्यातच. खोड मोठं झालं असेल तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाला अर्ज करा.