पुण्यात फौजेचं क्वार्टर घ्यायचं की बाहेर फ्लॅट? माझा अनुभव

तू लिहिलंयस की मिस्टर फौजेत हवालदार आहेत, पुण्याची पीस पोस्टिंग (कुटुंब सोबत ठेवता येतं अशी) आलीय, मुलगी चौथीत, तुला हिंजवडीत नोकरी मिळतेय आणि सासरचे म्हणतायत एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता घ्या नि बाहेर राहा. वयाने मोठी आहे म्हणून एकेरी लिहिते, राग मानू नकोस. आमची 22 वर्षं फौजेत गेली, 7 घरं झाली, 4 क्वार्टर आणि 3 बाहेरची.

आधी पैशाचं. पुणे एक्स म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गातल्या शहरांत येतं, डीए (महागाई भत्ता) 50 टक्क्यांवर गेल्यापासून तिथे बेसिकच्या 30 टक्के एचआरए. बेसिक 35 हजार धरलं तर साडेदहा हजार. त्यात दिघी-विश्रांतवाडीकडचं भाडं, मेन्टेनन्स, ब्रोकर असं सगळं बसवून बघ, सासरच्यांना वाटतं तेवढी बचत हातात राहत नाही. आणि क्वार्टर रिकामं असताना नको म्हटलं तर एचआरएचं काय होतं ते मिस्टरांना क्वार्टर ऑफिसमध्ये आधीच विचारायला सांग.

बाहेर राहिलं की कँटीन, एमएच (मिलिटरी हॉस्पिटल), आर्मी स्कूल सुटतं असं बऱ्याच जणींना वाटतं. काही सुटत नाही, डिपेंडंट कार्ड तेच राहतं. केव्हीचं (केंद्रीय विद्यालयाचं) अ‍ॅडमिशन पण वडिलांच्या नोकरीवर नि बदल्यांवर असतं, तुम्ही कुठे राहता त्यावर नाही.

सुटतात ते शेजारी. आमचे हे फील्डला होते, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा पोस्टिंगवर, मुलगा 3 वर्षांचा, रात्री 2 ला तापात झटका आला त्याला. समोरच्या क्वार्टरमधल्या तमिळ वहिनी, त्यांना हिंदी येत नव्हतं नि मला तमिळ, दार वाजवल्यावर एका नजरेत समजल्या, माझ्या मुलीला झोपेतच उचलून घरी नेलं आणि त्यांच्या मिस्टरांनी गाडी बोलावली, 15 मिनिटांत आम्ही एमएचला. पुढे बाहेरच्या फ्लॅटमध्ये मुलगी पायऱ्यांवरून पडली तेव्हा कोणाचं दार वाजवू हेच मला सुचेना, 8 महिने राहून मजल्यावरची नावं माहीत नव्हती गं.

क्वार्टरचे त्रास पण सांगते. एकीकडे भिंत पावसाळाभर ओली, एमईएसच्या (क्वार्टरची दुरुस्ती बघणाऱ्या खात्याच्या) रजिस्टरमध्ये 4 वेळा कम्प्लेंट लिहिली तरी कोणी फिरकलं नाही, भिंतीला लावलेल्या काळ्या ट्रंकेचा तळ गंजला आणि माझ्या लग्नाच्या शालूवर तांबडा डाग पडला तो आजही आहे. म्हणून मार्च इनच्या म्हणजे क्वार्टर ताब्यात घ्यायच्या वेळी पंखे, नळ, काचा, गीझर सगळं स्वतः चालवून बघ आणि जे तुटलंय ते तिथेच लिहून सही घे, नाहीतर मार्च आउटला, घर सोडताना, त्याचे पैसे तुमच्याकडून कापतात.

आता तुझी नोकरी. शिफ्ट रात्रीची असेल तर कंपनीची कॅब गेटच्या आत घेतात का ते विचार, नाही घेतली तर रात्री 12 ला गेटपासून क्वार्टरपर्यंत एकटीने चालायचं आहे. बाहेर राहायला हे एक कारण मला पटतं.

बाहेरच घेतलंत तर लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करा, लॉक-इन (ठरावीक मुदतीआधी घर सोडता येत नाही ही अट) मान्य करू नका आणि पोस्टिंग ऑर्डर आली तर 1 महिन्याच्या नोटिशीवर घर सोडू, डिपॉझिट पूर्ण परत, हे करारात लिहूनच घ्या. आम्ही तोंडी शब्दावर राहिलो, 11 महिन्यांच्या आत बदली आली आणि घरमालकाने 2 महिन्यांचं भाडं कापलं.

दिवसाची शिफ्ट असेल तर मी म्हणेन क्वार्टर घ्या. आज मिस्टर घरी आहेत म्हणून बाहेरचं घर सोपं वाटतंय, पण पीसनंतर फील्ड येणारच, तेव्हा तू आणि मुलगी दोघीच असणार. तोपर्यंत आत दोन-चार घरं आपली झालेली बरी. मिस्टर फील्डला असताना कुटुंबाला मिळतं त्या एसएफ (सेपरेटेड फॅमिली) क्वार्टरला वेटिंग असतं, तो अर्ज फील्डची ऑर्डर आल्या दिवशीच टाकायला लाव. तुझी शिफ्ट काय आहे ते लिही, मग गेट नि कॅबचं अजून सांगते.