आईला अल्झायमर, रिपोर्टात ई४: आता माझी पाळी?

अटलांटात जनुकीय समुपदेशनाला येणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा हा ठरलेला प्रश्न. पुढची बाई अशा अनेकींची मिळून एक केली आहे.

वय ५४. आई ७६व्या वर्षापासून विसरायला लागलेली. हिने घरी किट मागवून लाळ पाठवली; अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या, एपीओई जनुकाच्या ई४ प्रकाराच्या दोन प्रती निघाल्या. नेटवर वाचलं, ‘धोका पंधरा पट’. घड्या घालून मऊ पडलेला रिपोर्ट तिने पर्समधून काढला. कोपऱ्यात लाल पेनाने १५, भोवती गोल.

“हा आकडा कुणाचा?” मी विचारलं.

“माझा. वर नाव आहे ना.”

“नाव तुमचं. आकडा गोऱ्या लोकांना मोजून काढलेला.”

१९९७ च्या मोठ्या विश्लेषणात दोन ई४ प्रतींचं शक्यता-गुणोत्तर (नेहमीच्या ई३ प्रकाराच्या दोन प्रती असणाऱ्यांच्या तुलनेत आजाराची शक्यता किती पट) गोऱ्यांत जवळपास १५ होतं, आफ्रिकन अमेरिकनांत ६ च्या आत. जनुकाच्या आजूबाजूचा डीएनए आफ्रिकी पूर्वजांकडून आलेला असेल, तर ई४ चा जोर कमी पडतो. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे मी लगेच सांगते. शिवाय एबीसीए७ या दुसऱ्या जनुकातले काही बदल आफ्रिकी वंशाच्या लोकांत जास्त महत्त्वाचे ठरतात, आणि एपीओईच्या रिपोर्टात ते नसतात.

ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली. अशा वेळी मी बोलत नाही. आकडा मुरायला वेळ लागतो.

“म्हणजे मला न मोजताच मला चिकटवलं.” मग मान वर करून, “पण मग आमच्यात हा आजार गोऱ्यांच्या दुप्पट का?”

माझ्या मते खरं समुपदेशन इथे सुरू होतं. नायजेरियातल्या इबादानमध्ये योरुबा समाजाच्या वृद्धांत अल्झायमरचं प्रमाण इंडियानापोलिसच्या आफ्रिकन अमेरिकनांच्या निम्म्याहूनही कमी आढळलं होतं. नुसत्या वंशाने हा फरक उलगडत नाही. रक्तदाब, मधुमेह, शिक्षण आणि उपचारांतली विषमता यांच्याकडे बघावंच लागतं.

“तुमचं बीपी?”

“१५२. डोकं दुखलं की गोळी घेते.”

ई४ च्या धास्तीने रात्र रात्र जागणारी बाई बीपीची गोळी लहर लागेल तेव्हा घेत होती. तिला जनुक दिसत होतं, गोळी दिसत नव्हती.

व्यवहाराचं थोडक्यात. जनुकीय माहितीवरून भेदभाव रोखणारा अमेरिकेचा २००८ चा जीना कायदा आरोग्यविमा आणि नोकरीपुरतं संरक्षण देतो. आयुर्विमा, अपंगत्व-विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्यात येत नाही. म्हणून विम्याचा विचार तपासणीच्या आधी. झालीच असेल, तर अर्जात खोटं लिहू नका. किटचा निकाल वैद्यकीय प्रयोगशाळेतून पक्का करून घ्या. पुढे कधी लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाचा विषय निघाला, तर दोन ई४ प्रती डॉक्टरांना सांगायच्याच, कारण मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका अशांना जास्त. तिच्या मुलांत एकेक प्रत गेलेलीच आहे, पण तपासायचं की नाही हे ती मोठी होऊन ठरवतील. घरात पिढ्यान्‌पिढ्या पासष्टीच्या आतच आजार दिसत असेल, तर गोष्टच निराळी. तिथे पीएसईएन१, पीएसईएन२ आणि एपीपी ही जनुकं तपासतात.

दीड महिन्याने तोच कागद आला. मागच्या कोऱ्या बाजूवर बीपीचे आकडे: १४४, १३८, १३९, १३३.

“सकाळचं नेहमी जास्त येतं,” ती कुरकुरली.

“कॉफीच्या आधी मोजता की नंतर?”

“कप हातातच असतो.”

कॉफीनंतर अर्धा तास थांबा, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, मग मोजा, असं सांगितलं.