गाडी चोपड्यात, नाव सुरतवाल्याचं, हप्ते थकलेले

प्रश्न : मी चोपड्याचा. जळगावच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून टूरिंग मोटारसायकल 1 लाख 45 हजारांना घेतली. 1 लाख 20 हजार त्याच्या खात्यावर टाकले, 25 हजार कागद झाल्यावर द्यायचे ठरले. पासिंग सुरतचं. गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30, मूळ मालकाची सही असलेले पण कोरे, हातात आहेत. एनओसीचं, म्हणजे सुरत आरटीओच्या ना-हरकत दाखल्याचं विचारलं की विक्रेता म्हणतो, 'कायजी नको करू भाऊ.' सात महिने झाले. आता फायनान्स कंपनीचे फोन येतात, हप्ते थकलेत, गाडी जमा करा. त्यांना गाडी नेता येईल का?

उत्तर : भाऊ, कर्जाच्या करारात तसं कलम असेल तर नेता येईल. मात्र रस्त्यात अडवून, किल्ली हिसकावून नाही. वसुलीसाठी गुंड पाठवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच बँकांना फटकारलंय. कुणी आलंच तर कंपनीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र मागा, दमदाटी केली तर 112 ला फोन लावा. पण गाडी शिरपूरच्या पाहुण्यांकडे नेऊन लपवायची असली आयडिया करू नका. उद्या तेच तुमच्या अंगाशी येईल.

आरसी बुक काढून बघा. त्यावर फायनान्सरचं नाव छापलेलं असेल, त्याला आपण बोजा म्हणतो. तो आहे तोवर मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही, एनओसीही निघत नाही. तुमचं घोडं अडलंय ते इथे. त्या कोऱ्या फॉर्मांवर जळगाव आरटीओत काही होणार नाही.

म्हणून उरलेले 25 हजार विक्रेत्याला देऊ नका. तुमच्या हातात तेवढा एकच लगाम आहे. मूळ मालकाला गाठा आणि त्याच्यामार्फत कर्ज बंद करायला किती लागतील ते कंपनीकडून लेखी घ्या. रक्कम 25 हजारांच्या आसपास असेल तर विक्रेता आणि मालक दोघांची लेखी कबुली घेऊन पैसे थेट कर्जखात्यात भरा, पावती ठेवा, बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि कर्ज फिटल्याचं पत्र घ्या. बोजा उतरला की सुरतहून फॉर्म 28 ची एनओसी, मग जळगावला नोंदणी, महाराष्ट्राचा कर आणि एमएच-19 नंबर. रक्कम लाखाच्या घरात असेल तर मात्र एक रुपयाही भरू नका, सरळ पैसे परत मागा.

मागायचे कुणाकडे? पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याच्याकडे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म 29सी ने करावी लागते. यातलं काय केलंय, हे विक्रेत्याला पाठवायच्या नोटिशीत विचारा. तो धंदा करतो, त्यामुळे तुम्ही ग्राहक ठरता. जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सुरतच्या मालकाने गाडी खासगीत विकलीय, त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोग चालत नाही. त्याला दिवाणी दावा. पोलीस ठाण्यात 'ही दिवाणी बाब आहे' हे ऐकायची तयारी ठेवा. पण 'गाडीवर लोन नाही' असा विक्रेत्याचा मेसेज तुमच्याकडे असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार टिकू शकते. तो मेसेज फोन बदलताना उडवू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. विमा अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 मुळे समोरच्याला इजा झाली तर विमा कंपनी हात वर करू शकत नाही. तुमच्या गाडीचं नुकसान मात्र तुमच्याच खिशातून. 1996 पासून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तसा आहे. तेव्हा तोरणमाळची राइड सध्या नकोच.

नोटीस पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. सोबत आरसीची झेरॉक्स, बँकेचं स्टेटमेंट आणि मेसेजचे प्रिंट जोडा. सही केलेले मूळ फॉर्म कुणालाही देऊ नका, विक्रेत्याने 'एनओसीसाठी लागतात' म्हणून मागितले तरी नाही.